माणूस हरवल्यावर भोंगा कधी वाजवायचा?

सांगलीच्या एका ताईंनी विचारले आहे: "वडील ७६ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. गेल्या दोन महिन्यांत दोनदा कुणाला न सांगता बाहेर पडले. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आणून सोडले, दुसऱ्यांदा चार तासांनी मिरजेच्या स्टँडवर सापडले. अमेरिकेत कुणी हरवले की आसपासच्या सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा येतो म्हणे. आपल्याकडेही २०२३ मध्ये सरकारने फोनवर भोंगा वाजवून चाचणी घेतली होती. मग बाबांसारख्या माणसासाठी तो का वाजत नाही? आणि तिसऱ्यांदा हरवले तर आम्ही काय करायचे?"

ताई, मी ३१ वर्षे पोलीस खात्यात होते. त्यातली शेवटची ९ वर्षे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आणि मिसिंगच्या, म्हणजे हरवलेल्या माणसांच्या कामावर गेली. तुमचा दुसरा प्रश्न जास्त तातडीचा आहे, पण पहिल्याचे उत्तर कळले की दुसऱ्याचे आपोआप उलगडते. म्हणून आधी भोंग्याचे सांगते.

अमेरिकेतल्या त्या इशाऱ्याला अँबर अलर्ट म्हणतात आणि हे नाव एका मुलीचे आहे. १३ जानेवारी १९९६, टेक्सासमधले आर्लिंग्टन शहर. ९ वर्षांची अँबर हॅगरमन एका बंद पडलेल्या दुकानाच्या आवारात सायकल चालवत होती. काळ्या पिकअपमधून आलेल्या माणसाने तिला उचलून नेले. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहिले आणि लगेच पोलिसांना फोन केला. म्हणजे साक्षीदार होता, गाडीचे वर्णन होते, पोलीसही तातडीने निघाले होते. त्या घटकेला रस्त्यावर असलेल्या हजारो लोकांना 'काळी पिकअप दिसते का बघा' एवढे सांगायची सोय मात्र कुणाकडे नव्हती. चार दिवसांनी तिचा मृतदेह ओढ्यात सापडला. मारेकरी आजवर मिळालेला नाही. वादळ येणार असेल तर रेडिओवाले गाणे थांबवून इशारा देतात, मग मूल पळवले तर का देत नाहीत, असा प्रश्न तिथल्या लोकांनी केला. त्यातून डॅलस आणि फोर्ट वर्थ भागातली रेडिओ केंद्रे आणि पोलीस यांनी मिळून ही व्यवस्था उभी केली. १९९८ मध्ये त्याच आर्लिंग्टनमधून आठ आठवड्यांचे बाळ पळवले गेले, तेव्हा इशारा ऐकलेल्या एका वाहनचालकाने गाडी ओळखली आणि बाळ सुखरूप मिळाले. २०१३ पासून हा इशारा थेट मोबाईलवर जातो.

ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. तो इशारा अतिशय क्वचित दिला जातो. अमेरिकेत २०२२ साली मुले हरवल्याच्या ३,५९,०९४ नोंदी एफबीआयच्या यादीत झाल्या. त्या वर्षी अँबर अलर्ट निघाले १८१. अपहरण झाले असे मानायला पोलिसांकडे सबळ कारण हवे, जिवाला किंवा शरीराला धोका हवा, वय १७ किंवा त्याहून कमी हवे, आणि लोकांना ओळखता येईल एवढे वर्णन हातात हवे. हे शेवटचे कलम मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. 'एक मुलगा हरवला आहे' असा भोंगा लाखभर लोकांच्या उशाशी वाजवला तर त्यांनी करायचे काय? 'पांढरी ओम्नी, मागची काच फुटलेली, नंबर अमुक' असे सांगितले तर टोलनाक्यावरचा माणूस मान वर करून बघतो.

आता आपल्याकडचा हिशेब करा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुले हरवली. दिवसाला २२८. प्रत्येकासाठी भोंगा वाजवायचा म्हटले तर आठवड्याभरात लोक फोनची ती सेटिंग बंद करतील, आणि ज्या दिवशी खरोखर काळी पिकअप निघून गेलेली असेल त्या दिवशी कुणाचाही फोन बोलणार नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात फेब्रुवारी २०१९ मध्ये ११ वर्षांच्या मुलीसाठी रात्री उशिरा इशारा वाजला, तेव्हा झोपमोड झाली म्हणून तक्रार करायला लोकांनी चक्क आणीबाणीच्या नंबरावर फोन केले. मुलगी वाचली नाही, पण संशयित बाप सापडला तो इशारा वाचलेल्या एका नागरिकाच्या फोनमुळे.

टीकाही आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. नेवाडा विद्यापीठातले गुन्हेशास्त्रज्ञ टिमथी ग्रिफिन यांनी अशा इशाऱ्यांच्या प्रकरणांचा अभ्यास करून म्हटले की, इशाऱ्यामुळे परत मिळालेली बहुतेक मुले आईबापांपैकीच कुणी नेलेली होती आणि त्यांच्या जिवाला तसा धोका नव्हता. जिथे खरा घातपात होता तिथे इशारा निघेपर्यंत उशीर झालेला होता. वॉशिंग्टन राज्यात झालेल्या एका अभ्यासात अपहरणानंतर खून झालेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा जीव पहिल्या तीन तासांत गेल्याचे दिसले होते. तीन तास! आमच्याकडे घरचे लोक तेवढा वेळ 'मावशीकडे गेला असेल' म्हणण्यात घालवतात. म्हणून माझे मत असे झाले आहे की इशाऱ्याची खरी परीक्षा भोंगा वाजतो तिथे नसते. माणूस दिसेनासा झाल्यापासून पहिला फोन होईपर्यंत जो वेळ जातो तिथे असते.

आपल्याकडे यंत्र नाही असे मुळीच नाही. २०२३ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फोन एकदम किंचाळले होते ते दूरसंचार विभागाच्या सेल ब्रॉडकास्टच्या चाचणीमुळे. हा एसएमएस नव्हे. एसएमएस एकेका नंबरला जातो. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी ऐकवतो, देवळावरचा भोंगा गावभर ऐकू जावा तसा. कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, नेटवर्क तुंबले तरी संदेश पोचतो, आणि तो ठरावीक भागापुरता ठेवता येतो. पूर, वादळ, वीज यांच्या इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' व्यवस्था आहे. तेव्हा सांगली-मिरजेच्या टॉवरांवरून हरवलेल्या माणसाचा संदेश सोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडते ते नियमांवर. कुणी ठरवायचे, कोणत्या हरवण्याला, किती वेळ, आणि माणूस मिळाल्यावर इशारा मागे कुणी घ्यायचा, हे लिहून ठेवलेले नाही. मूल पळवले आहे, गाडीचे वर्णन आहे, धोका उघड आहे, अशा मोजक्या प्रकरणांत तरी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना हा अधिकार द्यावा, असे मला मनापासून वाटते. वर्षाला जिल्ह्यात दोन-तीन वेळा वाजला तरी पुरे.

बाबांसाठी मात्र मी भोंगा मागणार नाही. त्यांच्यासाठी हवी आहे ती हळू आवाजातली, जवळच्या जवळची हाक. दक्षिण कोरियात जून २०२१ पासून पोलीस १८ वर्षांखालची मुले, बौद्धिक दिव्यांग आणि स्मृतिभ्रंश झालेली माणसे हरवली तर त्या भागातल्या लोकांच्या मोबाईलवर संदेश पाठवतात: वय, उंची, बांधा, अंगावरचे कपडे आणि फोटो बघायची लिंक. घरच्यांची संमती घेऊन. जपानमध्ये भूकंप-त्सुनामीसाठी गावोगावी बसवलेले कर्णे आहेत, त्यांवरून 'राखाडी स्वेटर घातलेल्या आजी दुपारपासून घरी आलेल्या नाहीत' असे पुकारले जाते. तिथे २०२३ मध्ये स्मृतिभ्रंश झालेले १९,०३९ जण हरवल्याची नोंद पोलिसांकडे झाली, तेव्हा ही रोजची गरज आहे. तिथल्या इरुमा शहराने २०१६ मध्ये बोटाच्या नखावर चिकटवायचा, सेंटीमीटरभराचा क्यूआर कोड काढला. कारण माणूस पाकीट घरी विसरतो, चपला विसरतो, नख विसरत नाही.

आपल्याकडे ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या गल्लीतही आणखी एखादे घर असणार.

या हाकेची महाराष्ट्रातली एक चांगली सोय मी स्वतः वापरली आहे, आणि शहरातल्या लोकांना ती ठाऊकच नसते: ग्रामसुरक्षा यंत्रणा. डी. के. गोर्डे यांनी ती उभी केली. गाव तिच्यात नोंदलेले असले की गावातल्या कुणीही ठरलेल्या टोल फ्री नंबरावर फोन करून आपल्या आवाजात निरोप द्यायचा, आणि तोच निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, मूल दिसत नाही, कशासाठीही. गंमत म्हणून कुणी फोन केला तर त्याचा नंबर नोंदला जातो. यात लिहिता-वाचता येणे लागत नाही, साधा फोन चालतो, आणि आवाज ओळखीचा असतो. 'मी वस्तीवरचा अमुक बोलतोय, माझा पोरगा दुपारपासून नाही, अंगात लाल बनियन आहे' हे ऐकल्यावर उसाला पाणी देणारा माणूस उभा राहतो. एकदा ६ वर्षांचे पोर असेच एका दूधगाडीच्या चालकाने ओळखले होते. निरोप सुटल्यापासून पोर आईच्या कडेवर येईपर्यंत पाऊण तास लागला नाही. तुमच्या ओळखीतले जे गावी राहतात त्यांना सांगा, आपले गाव नोंदलेले आहे का ते पोलीस पाटलांना विचारा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या वेळी तुम्ही अकरा ग्रुपवर फोटो टाकला. मला कळते, हातात तेवढेच असते. तरीही एक तारीख सांगते. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने 'मुले पळवणारी टोळी' समजून ठार मारले. त्याआधी तशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ज्या संदेशाला तारीख नाही, देणाऱ्याचा पत्ता नाही, जो मागे घेता येत नाही, त्याला इशारा म्हणायचे नाही. म्हणून संदेशात संशयिताचे वर्णन 'साधूच्या वेशातले', 'परप्रांतीय दिसणारे', 'बुरख्यातली बाई' असे कधीही घालायचे नाही. त्याने कुणी सापडत नाही, कुणीतरी मारला जातो. वर्णन हरवलेल्या माणसाचे आणि फार तर गाडीचे द्यायचे, आणि शेवटी लिहायचे: स्वतः अडवू नका, ११२ ला, म्हणजे आणीबाणीच्या नंबरावर कळवा.

तर तिसऱ्यांदा बाबा दिसेनासे झाले, तर.

आधी घर. गच्ची, जिन्याखालची जागा, बाहेरून कडी लागलेला संडास, उभी असलेली मोटार. एकाने घर बघायचे आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा. घर बघून होईपर्यंत थांबायचे नाही. फोनवर पहिल्या वाक्यात 'वडील ७६ वर्षांचे आहेत, स्मृतिभ्रंश आहे, धोका आहे' असे म्हणा. नुसते 'वडील घरातून गेले आहेत' म्हटले की ऐकणाऱ्याला रागावून गेलेला म्हातारा माणूस दिसतो. ११२ चा कॉल नोंदला जातो, त्याला क्रमांक मिळतो. तो लिहून घ्या.

मग पोलीस ठाणे. 'चोवीस तास वाट बघा' असा कोणताही नियम नाही. नव्हताच. पण हे वाक्य इतक्या काउंटरांवर इतकी वर्षे बोलले गेले आहे की लोक ते स्वतःलाच सांगून घरी बसतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या एका ठाण्यात मी स्वतः ते वरिष्ठांच्या तोंडून ऐकले आणि गप्प बसले. ती गोष्ट मला अजून टोचते. मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ च्या निकालात स्पष्ट केले आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा दाखल करायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असे धरूनच तपास सुरू करायचा. मोठ्या माणसाची 'मिसिंग' दाखल होते. ठाणे अंमलदाराकडून मिसिंगचा क्रमांक आणि तपास कुणाकडे दिला त्यांचे नाव घ्या, आणि आपल्या समोर बिनतारी संदेश सुटला का ते विचारा. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हटले तर ठाण्याच्या दारातून पुन्हा ११२ फिरवा.

फोन बाबांकडे असेल तर सारखा रिंग देऊ नका. पंधरा नातेवाइकांनी पंधरा वेळा लावला की बॅटरी संपते आणि मग फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे तेही आम्हाला कळत नाही. एकानेच, ठरावीक वेळाने लावायचा.

सीसीटीव्ही बघायला गेलात तर आधी डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे घड्याळ आपल्या मोबाईलशी ताडून बघा. दुकानांतली घड्याळे सर्रास पाच-पंचवीस मिनिटे पुढे-मागे असतात. एकदा याच फरकामुळे आम्ही एका मुलीला उलट्या दिशेने शोधत अर्धा दिवस घालवला होता.

आता एक गोष्ट जी मी कधी विसरू शकले नाही. उसाच्या पट्ट्यातले गाव, विसराळूपणा असलेल्या एक आजी संध्याकाळी दिसेनाशा झाल्या. घरच्यांनी लोक काय म्हणतील म्हणून रात्र काढली. सकाळी आम्हाला कळले तेव्हा आम्ही सगळे केले: पाच जिल्ह्यांना वायरलेस, तीन स्टँड, रेल्वे, दवाखाने, देवळावरच्या भोंग्यातून नाव घेऊन पुकारा. तिसऱ्या दिवशी ऊसतोड चालू असताना त्या सापडल्या. घरापासून चारशे पावलांवर, सरीत, अंगाचे मुटकुळे करून. गेल्या होत्या. आम्ही पाच जिल्हे शोधले आणि घरामागचा फड चालून पाहिला नाही. नंतर मी शिकले की स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुतेकदा सरळ चालत जातो आणि जिथे अडकतो तिथेच थांबतो: झुडूप, चर, कुंपण, दोन भिंतींमधली बोळ. हाका मारल्या तरी ओ देत नाही, कारण आपण हरवलो आहोत हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याच्यासाठी भोंगा शोधणाऱ्यांना उठवण्यापुरताच. त्याला स्वतःला शोधायला पायांनीच जावे लागते. पहिल्या तासात घराभोवतीचे अर्धा-एक किलोमीटर, प्रत्येक आडोसा वाकून बघत.

तुमच्या बाबांच्या बाबतीत दुसरी एक दिशा आहे, ती तुम्हीच लिहिली आहे. मिरजेचे स्टँड. माणूस जुन्या कामाच्या वाटेला लागतो. शिक्षक शाळेकडे जातात, गिरणीतले लोक गिरणी होती तिकडे जातात, चालक डेपोकडे. आणि इथे एक नवा धोका आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे. योजना चांगलीच आहे, पण तिच्यामुळे बाबा खिशात एक रुपया नसताना सांगलीतून थेट नाशिकला पोचू शकतात. तेव्हा ठाण्याइतक्याच लवकर एसटी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाला गाठा. शून्य रकमेचे असले तरी तिकीट मशीनमधून निघते. त्या तासाभरात सुटलेल्या गाड्यांच्या वाहकांना फोन जायला दहा मिनिटे पुरतात. रेल्वेसाठी १३९. लहान मूल असेल तर १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे नंबरही फोनमध्ये असू द्या.

आता संदेश. तुम्ही मागच्या वेळी पाठवलेला मजकूर असा होता: "माझे बाबा हरवले आहेत, कृपया जास्तीत जास्त शेअर करा." सोबत लग्नातला फेटा घातलेला फोटो. तो फोटो बघून स्टँडवर बसलेल्या, दाढी वाढलेल्या, बनियन घातलेल्या माणसाला कोण ओळखेल? असे लिहा:

"सांगली, विश्रामबाग. अमुक तारीख, संध्याकाळी ५.२० पासून. पुरुष, ७६, उंची साडेपाच फूट, सडपातळ, टक्कल. पांढरा सदरा, खाकी विजार, पायात निळी स्लीपर. विसरतात. 'गाडी किती वाजता सुटते' असे विचारतात. दिसल्यास रागावू नका, सावलीत बसवा, पाणी द्या, ११२ ला कळवा. मिसिंग क्रमांक अमुक, पोलीस ठाणे अमुक."

यातले 'गाडी किती वाजता सुटते' हे सोन्यासारखे आहे. कपडे बदलतात, मळतात. हे वाक्य बदलणार नाही, आणि चहावाल्याच्या कानात ते बसते. तारीख आणि वेळ फोटोवरच लिहा, खाली मजकुरात नको. फॉरवर्ड होताना मजकूर गळतो आणि फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतो. केव्हाच घरी परत आलेल्या मुलांचे फोटो सहा-सहा वर्षांनी लोकांनी मला तातडीचे म्हणून पाठवले आहेत. म्हणूनच माणूस मिळाला की तेवढ्याच ग्रुपवर 'मिळाले' असा त्याच फोटोवर आडवा शिक्का मारून पाठवायचा आणि ठाण्यात जाऊन मिसिंग बंद करायची. मूल असेल तर त्याचा फोटो सगळीकडून काढायचा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने बंदी आहे.

आणि एक खूण कुठेही छापू नका. मांडीवरचा डाग, शस्त्रक्रियेचा व्रण, काहीही. पोस्टर लागले की पहिल्याच दिवशी फोन येतात: 'तुमचे वडील आमच्याकडे आहेत, रिक्षाचे दोन हजार पाठवा.' त्या माणसाला ती खूण विचारा. फोन कट होतो.

पोस्टरवरच्या नंबरांबद्दल एक खरी घटना सांगते. मुंबईत डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांनी २००८ ते २०१५ या काळात आपल्या ठाण्याकडे आलेल्या १६६ हरवलेल्या मुलींपैकी १६५ जणींचा माग काढला. उरलेली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून गेलेली ७ वर्षांची मुलगी, तिचा फोटो त्यांनी निवृत्तीनंतरही जवळ बाळगला. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली, साडेनऊ वर्षांनी, आणि घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर. तिला आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या बाईंना इंटरनेटवर जुने पोस्टर मिळाले होते. त्यावर पाच नंबर होते. चार बंद होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, तो लागला. तेव्हा बाबांच्या कागदावर एकच नंबर देऊ नका, आणि जे द्याल त्यातला एक तरी कधीही बंद करणार नाही असा द्या.

गळ्यात किंवा मनगटावर काहीतरी असू द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीतून हरवलेला १२ वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा कुलाब्यात सापडला. गळ्यातल्या लॉकेटवरचा क्यूआर कोड पोलिसांनी स्कॅन केला आणि काही तासांत तो घरी पोचला. क्यूआर नको असेल तर सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर नंबर शिवा. मात्र घराचा पत्ता बाहेर दिसेल असा लावू नका.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नाबाहेरची आहे, पण इशाऱ्यांचा विषय निघाला की मी ती सांगतेच. २०२२ च्या त्या ८३,३५० मुलांत ६२,९४६ मुली होत्या. त्यातल्या काही पळवलेल्या असतात, काही फसवलेल्या, आणि काही स्वतःच्या घरातल्या माणसापासून किंवा ठरवलेल्या लग्नापासून पळालेल्या. मारहाणीला कंटाळून निघालेल्या सज्ञान बाईचा फोटो नवऱ्याच्या तक्रारीवरून गावभर फिरवणे म्हणजे त्याला तिचा पत्ता देणे. अशी बाई मिळाली की तिला एकटीला बसवून आधी विचारायचे, घरी जायचे आहे का. नको म्हणाली तर 'सुखरूप आहे' एवढेच घरी कळवायचे. म्हणूनही इशाऱ्याचा अधिकार फॉरवर्ड करणाऱ्या हजार जणांकडे नको, उत्तर द्यायला बांधील असलेल्या एका अधिकाऱ्याकडे हवा.

तुमच्याकडे परत येते. आज संध्याकाळी बाबांचा फोटो काढा, पायांपासून डोक्यापर्यंत, रोजच्या कपड्यांत, रोजच्या स्लीपरसकट, आणि एक बाजूने. त्याखाली हे लिहून ठेवा: कोणत्या नावाने हाक मारली की वळतात, कोणती औषधे, पूर्वी कुठे कुठे राहिले, कोणत्या मार्गावर गाडी चालवली, कशाला घाबरतात. त्याच्या चार प्रती काढा. एक फ्रीजवर, एक शेजारी, एक तुमच्या फोनमध्ये, एक जवळच्या ठाण्यातल्या बीट अंमलदाराकडे. दुकानदाराला, रिक्षा थांब्यावर, वॉचमनला बाबांचा आजार सांगून टाका. लपवू नका. त्या दुकानदाराने त्यांना आणून सोडले ते त्याला माहीत होते म्हणून.

आणि ते दोन्ही वेळा संध्याकाळी पाचच्या सुमाराला निघाले, असे तुम्ही लिहिले आहे. या आजारात दिवस कलू लागला की जीव बेचैन होतो. त्यातून त्यांची ड्यूटीची वेळ असेल. त्यांना अडवून दार लावून घेण्यापेक्षा रोज साडेचारला तुम्हीच त्यांना स्टँडवर घेऊन जा. अर्धा तास गाड्या बघू द्या. चहा पाजा. नियंत्रकांना सांगा की हे आपल्या खात्यातलेच आहेत, आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तुमचा नंबर ठेवून या.